डॉक्टरीणबाईंना मत द्यावं का?

त्या उन्हाळ्यात आमच्या रेल्वे क्वार्टरमधून इतके चढे आवाज बाहेर जात होते की शेजारच्या फातिमाचाचींनी एकदा भिंतीपलीकडून विचारलं, "क्या हुआ मार्था, छोकरी का रिश्ता टूटा क्या?" आई हसत सुटली आणि बाबा जास्तच तापले. लग्नाबिग्नाचं काही नव्हतं. महापालिकेची निवडणूक लागली होती आणि आमच्या वॉर्डातून गड्डम डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या होत्या, एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीनं आमच्या तीन माणसांच्या घरात असं काही वारं शिरलं की आज सत्तरी ओलांडल्यावरही ते दिवस आठवले की माझ्या अंगावर काटा येतो, आणि तो आनंदाचा असतो. मला एकवीस वर्षं पूर्ण झाली होती. मतदारयादीत माझं नाव आलं होतं, तेही 'तेरेजा'चं 'तारजा' होऊन, पण आलं होतं. शिक्षिकेच्या कोर्सचं शेवटचं वर्ष, स्वतःची सायकल आणि स्वतःचं मत! जगात अजून काय हवं असतं?

क्वार्टर दोन खोल्यांचं. मागे लोको शेड, त्यामुळे शंटिंग सुरू झालं की फळीवरचे डबे एकमेकांना ढुसण्या द्यायचे. सकाळी गिरणीचा भोंगा, मग इंजिनाची शिटी, मग आईच्या स्टोव्हची भरभर, या क्रमानं आमचा दिवस उजाडायचा. बाबा शेडमध्ये फिटर होते. हात नेहमी तेलकट, पण रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जाताना ते राख आणि लिंबू लावून नखं घासायचे आणि कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे. मिस्सेहून परतताना मटण घ्यायचं, आई ते काळ्या मसाल्यात टाकायची, मी कडक भाकरी मोडून ठेवायची, आणि रस्सा शिजेपर्यंत बाबा शेंगाचटणीवर तेल ओतून बोटानं चाटत बसायचे. आमच्या घरातले सगळे महत्त्वाचे वाद या दीड तासात झाले. भूक लागलेली असली की माणूस खरं बोलतो, असं आईचं म्हणणं.

आई गड्डम डॉक्टरीणबाईंच्या प्रसूतिगृहात नर्स होती. सात रस्ता चौकाच्या अलीकडे त्यांचा दुमजली दवाखाना. बाई विणकरांच्या घरातल्या. वडील मागावर बसणारे, घरात तेलुगू, आणि बाई कशाबशा मुंबईला जाऊन डॉक्टर होऊन आलेल्या. सोलापुरातल्या निम्म्या गल्ल्यांमधली पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती. गर्भपाताचा कायदा येऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. कायदा आल्यावर बाई ते काम करू लागल्या. पहिल्याच दिवशी आई संध्याकाळी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली होती. "बाई, मी तुमच्याकडं दहा वर्षं काढली. पण या कामात माझा हात लागणार नाही. काढायचं तर काढा मला." बाईंनी चष्मा काढून पुसला म्हणे, आणि म्हणाल्या, "मार्था, तू गेलीस तर माझ्या बाळंतिणींना कोण बघणार? तसलं काम असेल त्या वेळी तू खाली ओपीडीत बस." झालं. तेव्हापासून ते तसंच चाललं होतं. आई म्हणायची, दुसरा कुणी डॉक्टर असता तर मला घरी बसवलं असतं.

अशा बाई छत्री ही निशाणी घेऊन उभ्या राहिल्या. कारण पाणी. आमच्या वॉर्डात एक दिवसाआड नळ, तोही पहाटे तासभर, आणि पुढच्या झोपडपट्टीत तर गटाराला खेटून गेलेला फुटका पाइप. आदल्या उन्हाळ्यात तिथं जुलाबाची साथ आली आणि लहान लेकरं गेली. बाईंनी तेव्हा बायकांना घेऊन रिकाम्या घागरींचा मोर्चा नेला होता, त्यात आई होती आणि कॉलेज बुडवून मीही होते. समोर होते नानासाहेब, शिडी या निशाणीवर. दोन वेळचे नगरसेवक, अंगानं भरलेले, आवाज गोड, कुणाच्याही लग्नात पहिल्या पंगतीला हजर. पाइपाचं मात्र त्यांनी काही केलं नव्हतं. मी अर्थातच छत्रीकडे झुकले होते. संध्याकाळी भोंगा लावलेली जीप आली की मी पोरीबाळींसारखी मागं धावायची. आई म्हणायची, "अगं, मास्तरीण होणार आहेस तू!"

मग एका रविवारी मिस्सा सुटली आणि फाटकाबाहेर नानासाहेब हात जोडून उभे. आत येऊन बोलायची त्यांची इच्छा होती, पण आमच्या फादर योहाननी त्यांना अडवलं. "आत न्हाय. हितं देवाचं घर हाय. काय बोलायचं ते भाईर बोला." फादर गोरे, दूरच्या देशातून तरुणपणी आलेले, पण मराठी शिकले ते नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत, शेतकऱ्यांकडून. त्यामुळे हा निळ्या डोळ्यांचा उंच म्हातारा 'लई' आणि 'न्हाय' करत बोलायचा. तर नानासाहेब बाहेर बोलले. "तुमच्या धर्मात पोटातल्या जिवाला मारणं महापाप. ते मला मान्य आहे. मी पहिल्यापासून त्या कायद्याच्या विरोधात. आता ज्यांचे हात या पापानं भरलेत त्यांना तुम्ही निवडून देणार का, ते तुमच्या येशूला विचारा." वॉर्डात आमची घरं पन्नासेक. पण लढत घासून होती, आणि पन्नास घरं म्हणजे पुष्कळ झाली. माणसं आईकडे बघायला लागली. आई पदर डोक्यावर ओढून तरातरा चालायला लागली.

त्या दिवशी मटण शिजायच्या आधीच बाबा म्हणाले, "मत डॉक्टरीणबाईला न्हाय."

"अहो, तिनं आपल्याला बारा वर्षं भाकरी दिली," आई म्हणाली.

"भाकरीसाठी मत इकू व्हय?"

"मी भाकरीसाठी म्हणत नाही. मागच्या उन्हाळ्यात जुलाबानं गेली ती लेकरं नव्हती का? नानासाहेब दहा वर्षं काय करत होते?"

"ती लेकरं कुनी मारली न्हाईत. मेली ती." बाबांनी चटणीची वाटी सरकवली. "हिथं मारत्यात. सही करून मारत्यात."

मी मध्ये पडले. काय पडले, तुटून पडले! कॉलेजच्या वादविवादातली सगळी अस्त्रं काढली. नगरसेवकाच्या हातात तो कायदा आहे का? फुटक्या पाइपाला जबाबदार कोण? हयगय करून मारणं आणि हातानं मारणं यात मेलेल्याला काय फरक? मला वाटत होतं, मी जिंकत चाललेय. बाबांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि खाली बघत म्हणाले, "पोरी, तुला म्या सांगितलं न्हाय कवा. मी मिशनात वाढलो एवढंच तुला ठावं. माझे आईबाप मेले न्हवते. मला कुनीतरी सिस्टरांच्या पायरीवर ठिवलं होतं. टोपलीत. नाळ बी नीट पडली न्हवती. साळवे हे नाव बी सिस्टरांनी दिलं. ती कोण होती मला ठावं न्हाय. पर तिनं मला ठिवलं, मारलं न्हाय. तिच्या गावात अशी डॉक्टरीण असती, तर आज तुझ्याशी भांडाया मी हितं बसलो असतो का?"

स्टोव्हवर रस्सा उतू गेला तरी कुणी उठलं नाही. आईला हे माहीत होतं, मला नव्हतं. एकवीस वर्षं मी ज्या माणसाच्या खांद्यावर, मांडीवर, सायकलच्या दांड्यावर वाढले, त्याच्या आयुष्याचं पहिलं पान मला त्या दिवशी कळलं. माझी सगळी अस्त्रं तिथल्या तिथं गळून पडली. पण खरं सांगायचं तर प्रश्न सुटला नाही, उलट जास्तच जिवंत झाला. आतापर्यंत मी वाद घालत होते. आता मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सायकल मारत मी फादर योहानकडे गेले. उन्हात डोक्याला रुमाल बांधून ते पेरूच्या झाडाला आळं करत होते. मी धापा टाकत विचारलं, "फादर, डॉक्टरीणबाईंना मत दिलं तर पाप लागेल का?"

"आधी पानी पी," ते म्हणाले. मग खुरपं बाजूला ठेवून आळ्याच्या कडेलाच बसले. "मी कुनाला मत द्यायचं सांगनार न्हाय. ते माझं काम न्हाय. इचार कसा करायचा ते सांगतो. ती बाई पोट पाडती म्हनून तू तिला मत देती, का पाडत असूनबी देती?"

"असूनही. मला ते काम पटत नाही, फादर. आईइतकंच पटत नाही."

"बरं. पहिल्या कारनानं दिलं तर तू त्या पापात वाटेकरी. चोराला शिडी धरणं येगळं, आन् चोराला पाव इकणं येगळं." शिडी ऐकून मला हसू फुटलं, ती नानासाहेबांची निशाणी. फादरांच्याही ते लक्षात आलं आणि ते मोठ्यानं हसले. "ती शिडी न्हाय गं! पर आईक. पाव इकणाऱ्यानं बी डोळं झाकू नयेत. त्याला इचारावं लागतं, माझ्या पावानं काय व्हतंय? ती बाई निवडून आली तर पोट पाडायचं काम वाढंल का? का ते हाय तेवढंच ऱ्हाईल आन् पानी येईल? आन् ते पानी खरंच तेवढ्या वजनाचं हाय का, का तुला नुस्ती बाई आवडती?"

बाई मला आवडायच्याच. त्यांची कडक सुती साडी, पुरुषांसारखं चालणं, कुणाला न घाबरणं, सगळंच. माझ्या पाण्याच्या कळवळ्यात त्या साडीचा वाटा किती, हे मी तोवर स्वतःला विचारलंच नव्हतं.

"आणि बाबा चुकतात का?" मी विचारलं.

"न्हाय. तुझा बाप जे जपतोय ते खरं हाय, सोनं हाय. तो मत देनार न्हाय तर त्याच्या अंतःकरणानं. तू देशील तर तुझ्या. पर अंतःकरण म्हंजे मनाला यील ते न्हवं, त्याला राबवाया लागतं. आन् एक. शिक्का मारला, घरी गेलं, हात झटकलं, असं करू नगंस. नानासाहेब बी पोट पाडायच्या इरोधात, तुझा बाप बी, मी बी. पर ती पोरगी, जी त्या जिन्यावर रडत चढती, तिला कोण इचारतंय, बाई तुला काय पायजे?"

परतताना मी सायकल अक्षरशः उडवली. रस्त्यावर टांगेवाला ओरडला तरी कळलं नाही. आजही मला वाटतं, विचार करण्याची झिंग मला त्या दिवशी पहिल्यांदा चढली, आणि ती नंतर चाळीस वर्षं वर्गात उभं राहूनही उतरली नाही.

दोन दिवसांनी चौकात बाईंची सभा होती. लाकडी मंच, वर कापडाची छत्री लटकवलेली, समोर सतरंजीवर बायका. बाई पाण्यावर बोलत होत्या आणि मागून कुणीतरी ओरडलं, "पाणी राहू द्या, किती पोटं पाडली ते सांगा!" सगळीकडे कुजबुज झाली. बाई थांबल्या. माइकला हात लावून म्हणाल्या, "किती ते सांगणार नाही, कारण प्रत्येकीचं गुपित माझ्याकडे ठेव आहे. पण करते. कायद्यानं करते. मतांसाठी आज नाही म्हणणार नाही." कार्यकर्ते कपाळाला हात लावून बसले. आणि मी उठून उभी राहिले. का, कशी, मला माहीत नाही. आई सतरंजीवरून माझी साडी ओढत होती.

"बाई," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला परका वाटला, "एखादी पोरगी आली, तिला लेकरू ठेवायचंय, पण घरचे ठेवू देत नाहीत, तर तिच्यासाठी तुमच्याकडं काय आहे?"

नानासाहेबांची माणसं टाळ्या वाजवायला लागली. बाईंनी हातानं त्यांना गप्प केलं. "तू मार्थाची मुलगी ना?" त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून पुसला. "काही नाही," त्या म्हणाल्या. "खरं सांगते, काही नाही. मी तिला विचारते, ती मान हलवते. ती मनापासून हलवते की भीतीनं, ते मला दर वेळी कळत नाही." एवढं बोलून त्या परत पाण्यावर आल्या, पण त्यांचं बोलणं मधूनमधून तुटत होतं.

मी त्यांना पाडलं, असं वाटून मी घरी येऊन रडले. आई बोलेना. शेडमधून आलेले बाबा मात्र डबा ठेवता ठेवता म्हणाले, "शेडात समदी म्हणत्यात, साळवेची पोरगी लई बोलली." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर तेलकट हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला बाबा रात्रपाळीसाठी झोपून उठत होते, आणि दारात डॉक्टरीणबाई. एकट्या, चपला हातात, कारण पायरी नुकतीच सारवलेली. आईची तारांबळ उडाली. बाबा बनियनवरच उठून शर्ट शोधायला लागले. बाई खाटेवर बसल्या, चहा घेतला, आणि थेट म्हणाल्या, "साळवे, ही पोरगी तो प्रश्न कुठून घेऊन आली?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी बाईंना ती टोपलीची गोष्ट सांगितली, मला सांगितली त्याहून थोडक्यात. बाईंनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर मी तो भाव आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

"मी ते काम थांबवणार नाही, साळवे," त्या शेवटी म्हणाल्या. "कायदा नव्हता तेव्हा बायका कुठं जायच्या, काय खुपसून घ्यायच्या, आणि मरायला माझ्याकडे यायच्या, ते तुमच्या मार्थानं पाहिलंय. तुमचं मत मिळावं म्हणून खोटं बोलणार नाही. पण माडीवर एक खोली आहे. ज्या पोरीला ठेवायचं असेल तिला तिथं राहता येईल. बाळंतपण फुकट. हरले तरी."

"तेवढं करा, डॉक्टरीणबाई," बाबा म्हणाले. "लई झालं. मताचं मात्र मी सांगत न्हाय."

"विचारत नाही," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

मतदानाचा दिवस म्हणजे जत्रा. शाळेच्या फाटकाबाहेर दोन्ही बाजूंची टेबलं, चिठ्ठ्या, पाण्याचे माठ. बाबांनी रविवारचा पांढरा शर्ट घातला होता. आईनं रांगेतच फातिमाचाचींना सांगून टाकलं, "माझी छत्री." बाबा पुढे गेले, शिक्का मारून आले, एक अक्षर बोलले नाहीत. माझी पाळी आली तेव्हा क्लार्कनं "तारजा साळवे!" म्हणून हाक मारली आणि मी त्या नावानंच "हो" म्हणाले. पोत्याच्या पडद्याआड मी एकटी. मी आधी छातीवर क्रूस केला, मग मनाशी फादरांचे प्रश्न एकेक करून उत्तरले. असूनही. वाढणार नाही. पाणी त्या वजनाचं आहे. बाई आवडतात, पण त्यासाठी नाही. मग छत्रीवर शिक्का मारला, आणि शाई पसरेल या भीतीनं कागदावर इतका वेळ फुंकर घातली की बाहेरून क्लार्क म्हणाला, "बाई, झालं का?"

बाई सतरा मतांनी हरल्या.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये जो तो एकमेकांकडे चोरून बघत होता. सतरा मतं म्हणजे आमच्यातलीच पाच-सहा घरं. फादर योहाननी निवडणुकीचं नावही काढलं नाही, फक्त प्रार्थनेत म्हणाले, "जिकलेल्यांसाठी, आन् हरलेल्यांसाठी बी." मी बाबांकडे पाहिलं. ते जपमाळेकडे बघत होते. त्यांनी छत्रीवर मारला, शिडीवर मारला, की कागद कोरा टाकला, हे त्यांनी ना आईला सांगितलं, ना मला. मरेपर्यंत. मीही कधी विचारलं नाही. पाण्याचा पाइप नानासाहेबांनी बदलला, पण दोन वर्षांनी, आणि मधल्या उन्हाळ्यात झोपडपट्टीतली अजून दोन लेकरं गेली. तीही माझ्या हिशेबातून कधी सुटली नाहीत. बाबांनाही ती माहीत होती.

बाईंनी मात्र निकालाच्या दुसऱ्या दिवशी आईला हाक मारली, "मार्था, माडीवरची खोली रिकामी कर." औषधांची खोकी उतरली, भिंतींना चुना लागला. त्या खोलीत पुढे बारा-पंधरा पोरी राहून गेल्या असतील. काहींनी बाळ घरी नेलं, काहींनी मिशनच्या सिस्टरांकडे दिलं. आणि काही पोरी विचारल्यावरही नको म्हणाल्या, तेव्हा बाईंनी त्यांचं काम कायद्यानं केलं आणि आई खाली ओपीडीत जाऊन बसली. दोघींनी एकमेकींना शेवटपर्यंत बदललं नाही.

पहिली आली ती मोडनिंबकडची, सतरा-अठरा वर्षांची, नाव सांगत नाही. पावसाळाभर राहिली, आईकडून स्वेटर विणायला शिकली. तिला मुलगा झाला त्याच्या आठव्या दिवशी आईचा डबा पोचवायचं निमित्त काढून बाबा तिथं गेले, मला बरोबर घेऊन. माडीचा जिना ते आयुष्यात पहिल्यांदा चढत होते. दारापाशी थांबले, चपला काढल्या, आत जावं की नको असं करत उभे राहिले. बाळ टाहो फोडत होतं, मुठी आवळून, लालबुंद होऊन. ती पोरगी ओशाळली. "काका, आत या की. असंच करतंय बगा. सकाळधरनं रडतंय, गप ऱ्हाईनाच."

बाबा जवळ गेले. हात पुढे केला, तेल असेल म्हणून परत घेतला, शर्टाला पुसला आणि मग एका बोटानं त्या मुठीला शिवले. बाळानं बोट धरलं आणि रडणं काही थांबवलं नाही.

"रडू दे," बाबा म्हणाले. "रडू दे गं. रडाया मिळालं त्याला."